खडीला प्लास्टिकचा लेप : मदुराईच्या प्राध्यापकांनी घडविलेले रस्ते

खास प्रतिनिधी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. पाणी ओसरल्यावर जे आरोपी पुढे आले, त्यांत प्लास्टिकच्या पिशवीचे नाव वरच्या क्रमांकावर होते. गटारांची तोंडे पिशव्यांनी बंद केली होती. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये अधिक व्यापक बंदीची अधिसूचना निघाली, तर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या ठराविक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. या प्रत्येक वेळी चर्चा पिशवी कशी थांबवावी याचीच झाली. जी पिशवी आधीच उकिरड्यावर पडली आहे तिचे काय करावे, हा प्रश्न मात्र मागे पडला.

या मागे पडलेल्या प्रश्नावर तामिळनाडूतील मदुराई शहरात मुंबईच्या पुराच्या आधीपासूनच काम सुरू झाले होते. तेथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी फेकलेल्या पिशव्यांचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकले आणि त्या खडीचा रस्ता केला. आज 'प्लास्टिकचा रस्ता' हा शब्द निविदांपासून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. रस्ता प्लास्टिकचा मुळीच नसतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो खडीचा आणि डांबराचाच असतो. प्लास्टिक असते ते दोहोंच्या मधल्या पातळ पापुद्र्यापुरते. वासुदेवन यांच्या कामाचे सारे मर्म या पापुद्र्यात आहे.

अभियंत्यांच्या घरात रसायनशास्त्रज्ञ

वासुदेवन हे पदवीने अभियंता नव्हेत. मद्रास विद्यापीठातून त्यांनी १९६५ मध्ये बी.एस्सी., १९६७ मध्ये एम.एस्सी. आणि १९७४ मध्ये पीएच.डी. केली. १९७५ मध्ये ते त्यागराजर महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९९८ मध्ये प्राध्यापक झाले. अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या अध्यापकाचे आयुष्य कसे असते याची कल्पना त्या वाटेने गेलेल्या कोणालाही आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पाण्याचा कठीणपणा मोजायला शिकवायचे, गंज आणि इंधन यांवरची प्रकरणे संपवायची. विद्यार्थी पुढच्या वर्षी आपापल्या शाखेत निघून जातात. रस्ता हा स्थापत्य विभागाचा विषय. तिथे रसायनशास्त्राच्या माणसाला सहसा कोणी बोलावत नाही.

पण रस्ता उखडतो त्याचे कारण पुष्कळदा रसायनशास्त्राचेच असते. खडीच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ असते, डांबराला ती नसते. डांबर गरम असताना खडीला धरते खरे, पण पुढे वर्षानुवर्षे पाणी त्या दोहोंच्या मध्ये शिरण्याची वाट शोधत राहते. एकदा ते शिरले की डांबराचा थर खडीवरून सोलला जातो. वरून जाणारे प्रत्येक चाक पाण्याला आणखी आत दाबते. खडी सुटी होते, निघून जाते, जागा रिकामी होते; त्या रिकाम्या जागेला आपण खड्डा म्हणतो. सगळे खडक सारखेच वागतात असे नाही. आपल्याकडचा दख्खनचा काळा पाषाण डांबराला तुलनेने बरा धरून ठेवतो, तर ग्रॅनाइटसारख्या सिलिकायुक्त खडकाची सलगी पाण्याशी अधिक. तरीही महाराष्ट्रातील रस्त्यांची दरसालची अवस्था पाहता केवळ पाषाणाच्या भरवशावर राहता येत नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

क्रम उलटा केला

डांबरात प्लास्टिक किंवा रबर मिसळून ते सुधारण्याची कल्पना वासुदेवन यांची नव्हे. बहुवारिक मिसळलेले डांबर जगभर वापरले जात होते आणि भारतातही त्याची प्रमाणके होती. या रीतीत डांबर तापवून त्यात बहुवारिक घालतात आणि यंत्राने बराच वेळ घुसळतात. हिला 'ओली पद्धत' म्हणतात. तिची अडचण अशी की कचऱ्यातील प्लास्टिक डांबरात नीट विरघळत नाही. थोडे अधिक घातले की ते साय धरल्यासारखे वर येऊन वेगळे होते. म्हणजे कचरा खपविण्याच्या दृष्टीने या रीतीला फार वाव नाही.

२००१ च्या सुमारास वासुदेवन यांनी या क्रमाची उलटापालट केली. प्लास्टिक डांबरात न घालता त्यांनी ते आधी खडीवर टाकले. खडी सुमारे १६० ते १७० अंश सेल्सियसपर्यंत तापवायची. तिच्यावर दोन ते चार मिलिमीटर आकाराचे प्लास्टिकचे स्वच्छ, कोरडे तुकडे टाकायचे. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते वितळून प्रत्येक खड्यावर तेलकट चकाकी असलेला लेप चढतो. मग त्यावर १६० अंशांच्या आसपास तापविलेले डांबर ओतायचे. प्लास्टिक आणि डांबर ही दोन्ही हायड्रोकार्बनच्याच कुळातील असल्यामुळे ती एकमेकांना चांगली धरतात. पाण्याला शिरायला जी फट हवी असते ती प्लास्टिकने आधीच बुजविलेली असते. खड्यातील सूक्ष्म छिद्रेही त्याच लेपाने भरली जातात. हीच 'कोरडी पद्धत'.

वाचायला हे स्वयंपाकघरातील फोडणीसारखे सोपे वाटते, आणि या पद्धतीचे खरे बळ त्या सोपेपणातच आहे. वेगळा प्रकल्प उभारावा लागत नाही. डांबर मिश्रणाचा नेहमीचा हॉट मिक्स प्लांटच वापरता येतो. खडी तापून बाहेर पडते आणि डांबर तिच्यावर पडते, त्या दोहोंच्या दरम्यान तुकडे टाकण्याची सोय तेवढी करावी लागते. लहान प्लांटवर तर मजूर घमेल्यानेही ते टाकू शकतो. पुढे पेव्हर, रोलर, सगळे जुनेच. ग्रामीण रस्त्याचा कंत्राटदारही करू शकेल असे हे तंत्र आहे. परदेशातून यंत्रे मागविण्याच्या अटीवर आलेली कित्येक तंत्रे आपल्याकडे परिसंवादापलीकडे गेली नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या सोपेपणाची किंमत कळते.

कोणते प्लास्टिक चालते, यातही एक गंमत आहे. पाण्याच्या बाटल्यांना भंगारात भाव मिळतो, म्हणून कचरावेचक त्या आधीच उचलून नेतात. दुधाच्या जाड पिशव्याही रद्दीवाला घेतो. उरतात त्या भाजीच्या पातळ पिशव्या, वेष्टनांचे कागद, थर्माकोलचे तुकडे, चहाचे पातळ पेले. वजनाला काहीच भरत नाहीत म्हणून त्या कोणी उचलत नाही. रस्त्याला नेमके हेच लागते, कारण पातळ प्लास्टिक लवकर वितळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांनुसार पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीन यांच्या साठ मायक्रॉनपर्यंतच्या पातळ वस्तू यासाठी योग्य ठरतात. पीव्हीसीला मात्र सक्त मनाई आहे, कारण त्यात क्लोरिन असते आणि तापविल्यावर हायड्रोजन क्लोराइडसारखा विषारी वायू सुटतो.

एका किलोमीटरचा हिशेब

एकपदरी गावरस्ता पावणेचार मीटर रुंद असतो. त्यावर पंचवीस मिलिमीटर जाडीचा डांबरी थर द्यायचा तर एका किलोमीटरला सुमारे ९४ घनमीटर, म्हणजे दोनशे टनांहून थोडे अधिक मिश्रण लागते. त्यात पाच टक्क्यांच्या आसपास डांबर धरले तर ते दहा-अकरा टन होते. त्यातील आठ ते दहा टक्के डांबराच्या जागी प्लास्टिक वापरले की एका किलोमीटरमागे साधारण एक टन प्लास्टिक खपते आणि जवळपास तेवढेच डांबर वाचते. पातळ पिशवीचे वजन एक ते दोन ग्रॅम धरले तर हा एक टन म्हणजे पाच ते दहा लाख पिशव्या. डांबर खनिज तेलापासून मिळते आणि देशाच्या गरजेचा मोठा हिस्सा आयात करावा लागतो, हे ध्यानी घेतले तर वाचलेल्या टनाचे मोल वाढते.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहा किलोमीटर रस्त्याला प्लास्टिक लागणार दहा टन. मोठ्या शहरात तेवढे प्लास्टिक एका दिवसाच्या कचऱ्यातच असते. रस्ते दरवर्षी ठराविकच होतात आणि कचरा रोज होतो. त्यामुळे 'प्लास्टिकची समस्या रस्त्यात गाडली' अशी जी वाक्ये अधूनमधून भाषणांत ऐकू येतात, ती गणितात बसत नाहीत. या तंत्राकडे रस्ता टिकविण्याचे साधन म्हणून पाहिले तर ते भक्कम आहे. कचऱ्याची विल्हेवाट हा त्याचा जोडलाभ. त्याहून अधिक त्याच्याकडून मागू नये.

जंबुलिंगम रस्त्यापासून संहितेपर्यंत

प्रयोगशाळेतील ठोकळ्यावर सिद्ध झालेली गोष्ट रस्त्यावर सिद्ध व्हायला पावसाळे जावे लागतात. २००२ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात छोटा तुकडा करून पाहिल्यावर तामिळनाडूत ठिकठिकाणी असे रस्ते झाले. चेन्नईतील जंबुलिंगम रस्ता २००२ चा, इरोडमधील वीरभद्र रस्ता २००३ चा, मदुराईतील वंडियूर रस्ता २००४ चा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुढे या रस्त्यांची पाहणी करवून घेतली आणि त्याच काळातल्या साध्या डांबरी रस्त्याशी त्यांची तुलना केली.

या पाहणीत काय मोजले गेले ते पाहण्यासारखे आहे. नुसती 'खड्डे पडले नाहीत' एवढी नोंद पुरेशी नसते. भरलेल्या ट्रकची मागची चाके रस्त्यावर उभी करून ती पुढे गेल्यावर रस्ता किती वर उसळतो, हे बेंकेलमन बीम नावाच्या लांब तुळईने मोजतात. जेवढी उसळी कमी तेवढा रस्ता बळकट. पृष्ठभागावर ठराविक वाळू पसरून तिचे वर्तुळ किती मोठे होते त्यावरून पोत कळतो, चाकाची पकड कळते. शिवाय सपाटपणा आणि घनता मोजली जाते. या चाचण्यांत प्लास्टिकलेपित खडीचे रस्ते साध्या रस्त्यापेक्षा सरस ठरले. चार-पाच वर्षे वयाच्या रस्त्यांवरही खडी सुटण्याची किंवा चाकोऱ्या पडण्याची लक्षणे दिसली नाहीत. या अभ्यासात ज्या महाविद्यालयाने तंत्र विकसित केले त्याचाच सहभाग होता, हे लक्षात ठेवावे. यात वावगे काही नाही, पण इतरांनी इतर हवामानांत तपासून पाहीपर्यंत सावध राहणे योग्यच होते.

त्याच सुमारास कर्नाटकातही समांतर काम चालू होते. बंगळूर विद्यापीठातील प्रा. सी. ई. जी. जस्टो आणि प्रा. ए. वीरराघवन यांनी २००२ मध्ये प्लास्टिक मिसळलेल्या डांबरी मिश्रणाचा अभ्यास केला. जस्टो हे नाव स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही अनोळखी नाही. खन्ना आणि जस्टो यांचे महामार्ग अभियांत्रिकीवरील पाठ्यपुस्तक देशभरातील कित्येक पिढ्यांनी घोकले आहे. बंगळूरमध्ये एका पिशव्या बनविणाऱ्या उद्योगानेच कचऱ्यातील प्लास्टिकपासून रस्त्यासाठीचे मिश्रण तयार करण्यात पुढाकार घेतला. झारखंडमध्ये जमशेदपूर येथेही पुढे अशा रस्त्यांचा मोठा प्रयोग झाला.

मदुराईच्या महाविद्यालयाला या तंत्राचे पेटंट २००६ मध्ये मिळाले. वासुदेवन यांनी ते सरकारी वापरासाठी विनामूल्य खुले ठेवले, आणि त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण हीच गोष्ट आवर्जून सांगतात. ती सांगण्यासारखी आहेच. परंतु आपल्याकडे रस्ता पेटंटवर होत नाही, संहितेवर होतो. कार्यकारी अभियंत्याला अंदाजपत्रकात एखादी बाब धरायची तर तिच्यामागे इंडियन रोड्स काँग्रेसचा क्रमांक लागतो. तो नसेल तर लेखापरीक्षणाच्या आक्षेपाच्या भीतीने कोणी हात लावत नाही. म्हणून या कहाणीतील खरे टप्पे कोरडे वाटले तरी तेच महत्त्वाचे आहेत. २००९ मध्ये ग्रामीण रस्त्यांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने टाकाऊ प्लास्टिक वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१३ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची 'एसपी ९८' ही पुस्तिका आली. गरम डांबरी मिश्रणात कोरड्या पद्धतीने टाकाऊ प्लास्टिक कसे वापरावे, हाच तिचा विषय. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांच्या पन्नास किलोमीटर परिघातील राष्ट्रीय महामार्गांच्या नूतनीकरणात प्लास्टिकमिश्रित डांबर ही नेहमीची रीत ठरविली. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना असा वापर करण्यास उत्तेजन दिले. २०२१ मध्ये लोकसभेत देण्यात आलेल्या माहितीप्रमाणे तोवर ७०३ किलोमीटर राष्ट्रीय महामार्गांवर टाकाऊ प्लास्टिक वापरले गेले होते.

पहिल्या तुकड्यापासून 'एसपी ९८' पर्यंत अकरा वर्षे गेली. वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. मधल्या काळात त्यांनी दगडाच्या चुऱ्यात प्लास्टिक घालून 'प्लास्टोन' नावाची फरशीही तयार केली. वर्तमानपत्रांनी त्यांना 'प्लास्टिक मॅन' ही उपाधी दिली. एका अध्यापकाने वयाची साठी जवळ आल्यावर हाती घेतलेल्या प्रश्नाला देशाच्या संहितेत पान मिळवून दिले, ही गोष्ट आमच्या मते त्या उपाधीहून मोठी आहे.

घोडे कुठे अडते

तंत्र सोपे, संहिता तयार, कचरा मुबलक. मग आपल्या प्रभागातला रस्ता तसा का नाही? उत्तर प्लांटवर नाही, घरातल्या कचऱ्याच्या डब्यात आहे. खडीवर पडणारे प्लास्टिक स्वच्छ आणि कोरडे हवे. भाजीच्या सालींत, आमटीत आणि चहाच्या चोथ्यात लडबडलेली पिशवी धुऊन, वाळवून, पीव्हीसी वेगळे काढून, तुकडे करून, चाळणीतून गाळून द्यायला माणसे लागतात, जागा लागते, पाणी लागते. हा खर्च कोणी सोसायचा, हे निविदेत स्पष्ट नसते. कंत्राटदाराला डांबर पिंपात किंवा टँकरमध्ये तयार मिळते; प्लास्टिक शोधत हिंडावे लागते. दोहोंतले तो काय निवडील हे उघड आहे. कचरावेचक स्त्रियांच्या संघटना जिथे भक्कम आहेत आणि ओला-सुका कचरा घरातूनच वेगळा येतो, तिथेच हे तुकडे नियमितपणे मिळू शकतात.

दुसरी अडचण तापमापकाची. वासुदेवन यांच्या चाचण्यांत १३० ते १८० अंशांच्या दरम्यान प्लास्टिक मऊ होते, पण त्यातून घातक वायू सुटत नाहीत असे दिसले. २७० अंशांच्या पुढे मात्र त्याचे विघटन सुरू होते. म्हणजे सगळी सुरक्षितता खडीच्या तापमानावर आणि पीव्हीसी नीट वेचले आहे की नाही यावर अवलंबून आहे. जिथे रात्री घाईने काम उरकले जाते आणि मिश्रण किती अंशांवर निघाले याची नोंद दुसऱ्या दिवशी अंदाजाने भरली जाते, तिथे हे तंत्रही कामगाराच्या फुप्फुसाला सुरक्षित राहणार नाही. प्लास्टिक घातले म्हणून खालचा थर, मुरूम आणि निचऱ्याची गटारे यांतील हयगय झाकली जाईल, असेही समजू नये. पाणी साचणाऱ्या रस्त्याला कोणताच लेप फार दिवस वाचवीत नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळातला आहे. चाकांच्या घासण्याने रस्ता झिजतो; त्याबरोबर प्लास्टिकचे सूक्ष्म कण मातीत आणि पाण्यात जातील काय? प्लास्टिक डांबरात पक्के बांधलेले असते, त्यामुळे मोकळ्या पिशवीपेक्षा ते कमी सुटेल, असे समर्थक म्हणतात. टायरच्या झिजेतून येणारे कण आजही रस्त्यावरच्या सूक्ष्म प्लास्टिकचा मोठा भाग आहेत, हेही खरे. परंतु रस्ता चाळीस वर्षांचा विचार करून बांधायचा तर हा प्रश्न 'समर्थक म्हणतात' एवढ्यावर सोडण्यासारखा नाही. जगभर त्यावर अभ्यास चालू आहेत.

प्लास्टिकपलीकडचा कचरा

प्लास्टिकला प्रसिद्धी मिळाली ती त्याच्याशी आपला रोजचा संबंध असल्यामुळे. वजनाने पाहिले तर रस्त्यात जिरू शकणारा मोठा कचरा वेगळाच आहे, आणि त्यातील बराचसा महाराष्ट्रात तयार होतो. औष्णिक वीज केंद्रांची राख घ्या. कोराडी, चंद्रपूर, एकलहरे या नावांबरोबर राखेचे तलाव आलेच. केंद्राने १९९९ मध्ये राखेच्या वापराची अधिसूचना काढली, २००१ मध्ये रस्त्याच्या भरावात राख वापरण्याची इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तिका आली. दिल्लीत यमुनेवरील दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या जोडरस्त्याचा भराव राखेचा केलेला आहे. पिशवीचा हिशेब किलोमीटरला एका टनाचा. भरावातील राखेचा हिशेब हजारो टनांचा.

पोलाद कारखान्यातील मळीचेही तसेच. पोलाद वितळविताना वर येणारी ही दगडासारखी मळी वर्षानुवर्षे कारखान्यांबाहेर डोंगर करून पडलेली असे. ती खडीइतकी, किंबहुना खडीहून टणक असते. पण तिच्यात मोकळा चुना उरतो आणि पाणी लागले की तो फुगतो. म्हणून ती ओली करून मुरवावी लागते, मगच रस्त्यात घालता येते. केंद्रीय रस्ता संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सतीश पांडे यांनी हे काम तडीस नेले. सुरतजवळ हजिरा येथे २०२२ मध्ये सुमारे एक लाख टन प्रक्रिया केलेल्या मळीचा सहापदरी रस्ता खुला झाला. त्यावरून अवजड ट्रकांची ये-जा असते, आणि नेहमीच्या रस्त्यापेक्षा त्याची जाडी सुमारे तीस टक्क्यांनी कमी ठेवण्यात आली. त्यानंतर हेच तंत्र आपल्याकडे आले. रखडपट्टीने कोकणवासीयांचा अंत पाहणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचा रायगड जिल्ह्यातील सुमारे एक किलोमीटरचा तुकडा डोलवी येथील पोलाद कारखान्याच्या मळीतून तयार झाला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. डोंगर फोडून खडी काढण्यावरून सह्याद्रीच्या पायथ्याशी जे तंटे चालतात, ते पाहता या एका किलोमीटरकडे दुर्लक्ष करू नये.

सगळ्यांत जवळचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित कचरा म्हणजे जुना रस्ताच. थरावर थर चढवीत गेल्याने शहरांतले रस्ते घरांच्या उंबऱ्यांहून उंच झाले आणि पावसाचे पाणी दुकानांत शिरू लागले, हा अनुभव नवा नाही. जुना थर खरवडून काढला तर त्यातील खडी आणि डांबर दोन्ही पुन्हा वापरता येतात. अमेरिकेत १९७३ च्या तेलसंकटाने हा धडा शिकविला. तेथे नव्या मिश्रणात सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास खरवडलेले जुने डांबरीकरण असते. या विषयावर अमेरिकी केंद्रीय महामार्ग प्रशासनासाठी १९९७ मध्ये ज्या दोघांनी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, त्यांतील एक, प्रा. पृथ्वीसिंह कंधल, हे भारतीय अभियंते. पेनसिल्व्हेनियाच्या रस्ते खात्यात आणि नंतर ऑबर्न विद्यापीठाच्या डांबर संशोधन केंद्रात आयुष्य घालविल्यावर ते जयपूरला परतले आणि येथील प्रमाणकांच्या कामात लक्ष घालू लागले. खड्डे बुजविण्याच्या तयार मिश्रणाचे २०१४ चे भारतीय प्रमाणक, आयआरसी ११६, ज्या धर्तीचे आहे, ते मिश्रण पेनसिल्व्हेनियात कित्येक वर्षे वापरलेले आहे. जुन्या डांबरीकरणाच्या पुनर्वापराची आयआरसी १२० ही संहिता २०१५ मध्ये आली.

डांबरच बदलण्याचा प्रयत्नही सुरू झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जैवडांबर वापरलेल्या तुकड्याचे उद्घाटन झाले. वनस्पतींतील लिग्निन या घटकापासून हे डांबर तयार होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ते विकसित केले असून केंद्रीय रस्ता संशोधन संस्थेचा त्यात सहभाग आहे. शेतातला काडीकचरा जाळण्याऐवजी तो रस्त्याच्या कामी यावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे. विदर्भाचा मेचा उन्हाळा या तुकड्याची परीक्षा घेईल.

मदुराईचे आणि चेन्नईचे पहिले प्लास्टिकलेपित रस्ते आता दोन दशकांपुढे गेले आहेत. त्यांतले काही कधी तरी खरवडले जातील. मग ती प्लास्टिक चढलेली खडी पुन्हा तापवायची असेल तर तापमान किती ठेवावे, नव्या मिश्रणात तिचे प्रमाण किती असावे, तिच्यावर पुन्हा लेप द्यावा की नाही, हे प्रश्न प्रत्यक्ष कामाच्या जागी उभे राहतील. २०१३ ची पुस्तिका नवा रस्ता कसा करावा ते सांगते, २०१५ ची संहिता जुना डांबरी रस्ता पुन्हा कसा वापरावा ते सांगते. दोहोंच्या सीमेवरची ही खडी पुढच्या पिढीतील अभियंत्यांच्या वाट्याला आली आहे.